पट्ट्यावरचा नंबर

आमचा कुत्रा हरवला तो, कुत्रा हरवू नये म्हणून काय काळजी घ्यावी याचं प्रात्यक्षिक चालू असताना. थट्टा करत नाही. मी तिथेच उभी होते, हातात चहाचा ट्रे घेऊन.

आधी ह्यांच्याविषयी सांगायला हवं. माझे यजमान विश्वास हे केंद्र सरकारच्या एका कार्यालयात डेप्युटी डायरेक्टर जनरल होते. सगळे डीडीजी साहेब म्हणायचे. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण पेन्शनचे कागद अजून फिरतायत आणि नाव घेतलं की ते अडकतात अशी ह्यांची श्रद्धा आहे. दुर्घटना होऊ नये म्हणून आधी काय करायचं आणि झालीच तर नंतर काय करायचं, हे लोकांना शिकवणं हे त्या कार्यालयाचं काम, एवढं सांगितलं तरी पुरे. हे चौतीस वर्षं तेच शिकवत आले. घरातही. आमच्या स्वयंपाकघरात वाळूची बादली असायची. मधुवंतीच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या वाढदिवसाला केक कापायच्या आधी जमलेल्या पोरांना बाहेर पडायचे दोन रस्ते दाखवले जायचे. पोरं पुढच्या वर्षी यायची नाहीत.

या एवढ्या सावध माणसाच्या हातून आयुष्यात एकही चूक झाली नाही, असं ह्यांचं मत. ह्यांच्याकडून जे व्हायचं ते ‘अनवधानाने’ व्हायचं. लग्न झालं तेव्हा मी सांगलीच्या एका कॉलेजात भूगोल शिकवत होते. पहिल्याच बदलीत राजीनामा दिला आणि नंतर सहा गावं हिंडले. तेव्हा ‘दोन वर्षांत परत येऊ’ असं ह्यांनी सांगितलं होतं. ते राहून गेलं, अनवधानाने. मी काही रोज उगाळत बसत नाही. पण विसरलेही नाही.

आता कुत्रा. आमचं सहावं गाव म्हणजे उत्तरेतलं, सेक्टरांमध्ये आखलेलं एक शहर. मधुवंती सेक्टर चौतीसमध्ये कोचिंगला जायची तेव्हा तिथल्या गल्लीत एका गाळ्याच्या पायरीखाली तिला हे पिल्लू सापडलं. तपकिरी, वाळकं, अंगावर फोड. मी म्हटलं, हे पिल्लू आहे की उन्हात राहिलेला सांडगा? तेच नाव पडलं. त्या कोचिंगमधून आमच्या घरात आलेला निकाल म्हणजे तेवढाच. मुलगी पुढे बेंगळुरूला नोकरीला गेली आणि सांडगा आमच्याकडे राहिला. शेजारच्या बायका त्याला ‘सँडी जी’ म्हणायच्या आणि तो त्यालाही ओ द्यायचा.

ह्यांनी सुरुवातीला लेखी हरकत घेतली होती. खरंच लेखी, फ्रिजवर चिकटवून. महिनाभराने मी पाहिलं, तर हे दाढी करतायत, बाथरूमच्या दारात सांडगा बसलाय आणि हे त्याला दिवसभरातल्या मीटिंगा सांगतायत. संध्याकाळी ऑफिसातून आले की सरकारी बंगल्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून बुटाच्या नाड्या सोडायचे. सांडगा येऊन गुडघ्यावर हनुवटी टेकायचा. पाच मिनिटं दोघं तसेच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसायचं. मी पाहते हे ह्यांना माहीत नव्हतं, आणि मीही कधी सांगितलं नाही, नाहीतर तेही बंद झालं असतं.

कॉलनीत एकदा कुणाचा तरी पॉमेरेनियन हरवला, तेव्हा ह्यांनी हिंदीत एक पत्रक काढलं. हरवण्यापूर्वी घ्यायची दक्षता आणि हरवल्यानंतरची कार्यवाही, एकूण चौदा कलमं, वर ह्यांचा फोटो. त्यातलं चौथं कलम असं, की पट्ट्यावर कधीही न बदलणारा नंबर असावा. सांडग्याच्या पट्ट्यावर पितळी बिल्ला लावताना ह्यांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, “कायमचा नंबर कोरून घेतलाय.” मी बिल्ला पाहिला नाही. पाहायला हवा होता, पण ह्यांच्या कामात दुसऱ्याने पाहिलेलं चालत नाही.

जानेवारीच्या एकतीस तारखेला हे निवृत्त झाले. सेक्टर सातमधला बंगला त्या पदाबरोबर येतो. अजून काही महिने राहता आलं असतं. पण नियम वाकवणं ह्यांना जमत नाही, म्हणून दहाव्या दिवशी आम्ही शहराबाहेर खरड गावी, आमच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. पाचवा मजला. खाली मोबाइलची दुकानं आणि कॉलेजच्या पोरांची गर्दी. बंगल्यातला कूलर, पडदे आणि तुळशीचं वृंदावन मागे नव्या साहेबांसाठी सोडलं. तशी पद्धतच आहे.

खरडला आल्यावरही हे साडेसातला दाढी करायचे, नऊ वाजता बूट घालून खोक्यांच्या मध्ये सोफ्यावर बसायचे. समोर सांडगा. ह्यांनी ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप तडकाफडकी सोडला होता आणि रघुवीरला, म्हणजे बारा वर्षं ह्यांचा पीए असलेल्या भल्या माणसाला, ब्लॉक करून टाकलं होतं. “महिन्याभरात फोन येतात की नाही बघ,” म्हणाले. “माझ्याशिवाय पान हलणार नाही. पण मी उचलणार नाही.” हे सगळं सांडग्याला उद्देशून. मी मसाल्याचे डबे लावत ऐकत होते. जगात ह्यांचं म्हणणं निमूट ऐकून घेणारा आता तो एकटाच उरला होता, आणि मला मनापासून बरं वाटत होतं की तो आहे.

मंगळवारी दुपारी इंटरनेटची वायर ओढायला माणूस आला. ह्यांनी दारावर तीन भाषांत पाटी लावली होती, ‘दार बंद ठेवा, आत कुत्रा आहे’. त्या माणसाने दार पुरतं उघडलं, त्यामुळे ह्यांचं डोकं फिरलं.

“ऐसा नहीं, जी,” हे म्हणाले. “पहले इतना खोलने का. फिर पाय लावने का. फिर अंदर आने का. देखो, मैं दिखाता हूँ.”

ह्यांनी दार उघडलं आणि पाय लावला. पायाच्या आणि चौकटीच्या मधून सांडगा गेला. समोरच्यांचा सोफा चढवण्यासाठी लिफ्टचं दार वीट लावून उघडं ठेवलं होतं. सांडगा आत गेला, कुणीतरी वीट काढली आणि दार बंद झालं. पाच जिने उतरून आम्ही खाली पोचेपर्यंत सोसायटीच्या फाटकातून सोफ्याचा टेम्पो बाहेर पडत होता आणि वॉचमन त्याला सलाम ठोकत होता. कुत्रा गेला का, विचारलं. “हाँ जी, अभी गया, बड़ी स्पीड में,” तो कौतुकाने म्हणाला.

हरवल्यानंतरचा पहिला अर्धा तास सर्वांत मोलाचा असतो, असं पत्रकाच्या दुसऱ्या कलमात म्हटलंय. तो अर्धा तास पत्रक शोधण्यात गेला. सेहेचाळीस खोकी होती. मी म्हटलं, “अहो, कलमं राहू द्या, पायांनी शोधू या.” हे म्हणाले, “शिस्तीशिवाय शोध म्हणजे नुसती धावपळ.” मी चपला घालून धावपळ करायला निघून गेले.

मला जे सुचलं ते मी केलं. चहाच्या टपऱ्यांवर विचारलं, मोबाइलमधला फोटो दाखवला. मांस विकणाऱ्याच्या दुकानामागे पाहिलं. ह्यांचा न धुतलेला स्वेटर सोसायटीच्या फाटकापाशी ठेवला, वासाने येईल म्हणून. वॉचमनने तो घडी घालून संध्याकाळी घरी आणून दिला. मी परत ठेवला. त्याने परत आणून दिला, वर म्हणाला, “मैडम, अच्छा स्वेटर है, चोरी हो जाएगा.”

ह्यांनी समिती नेमली. अध्यक्ष हे, सदस्य सचिव मी, आणि व्हिडिओ कॉलवर विशेष निमंत्रित मधुवंती. खरडचा नकाशा काढून त्याचे चार विभाग केले. भूगोल माझा विषय, तरी नकाशा ह्यांनीच काढला आणि उत्तर दिशा चुकवली. मग पोस्टर झालं. वर ठळक अक्षरांत ‘सूचना’, खाली ह्यांचं नाव, त्याखाली ‘डेप्युटी डायरेक्टर जनरल (निवृत्त)’, मग वर्णन: रंग गडद तपकिरी, उंची मध्यम, स्वभाव शिस्तप्रिय. सांडग्याचा फोटो खाली कोपऱ्यात, पासपोर्टला लावतात तेवढा.

मधुवंती स्क्रीनवरून म्हणाली, “पापा, सीरियसली? लोग डॉग ढूँढेंगे या आपको?”

“मराठीत बोल,” हे म्हणाले.

“फोटो बड़ा करो ना, पापा. प्लीज़.” तिचा आवाज रडवेला झाला होता, म्हणून ह्यांनी फोटो मोठा केला. पद तेवढंच ठेवलं.

बुधवारी सकाळी ह्यांच्या मोबाइलवर ऑफिसचा फोन आला. स्क्रीनवर नाव बघून ह्यांचा चेहरा सांडगा गेल्यापासून पहिल्यांदा खुलला. “बघ! अडलं ना? पंधरा दिवससुद्धा नाही झाले.” आणि फोन कट केला. थोड्या वेळाने परत आला. परत कट. मी म्हटलं, उचला, काही तरी महत्त्वाचं असेल. “महत्त्वाचं आहे म्हणूनच करतायत,” हे म्हणाले, “पण मला लाइन मोकळी ठेवायला हवी. सांडग्याबद्दल कुणाचा फोन आला तर?” हे मला पटलं. माझ्या मूर्खपणाचं मला आजही नवल वाटतं, पण पटलं.

बुधवारी सहा वेळा आला. गुरुवारी नऊ वेळा. दर वेळी हे कट करायचे आणि दर वेळी मान थोडी ताठ व्हायची. बाकी कुणाचा फोन नाही. म्हणजे आले दोन, एकाला सेकंडहँड सोफा हवा होता आणि दुसऱ्याने विचारलं की डेप्युटी डायरेक्टर कधीपासून बेपत्ता आहेत.

गुरुवारी दुपारी मी घरी आले तर हे दाढी न करता बसलेले. बूट घातलेले नाहीत. समोरच्या रिकाम्या फरशीकडे बघत होते. मी चहा ठेवला तर म्हणाले, “थंडी आहे गं बाहेर.” एवढंच. मला सांडग्याची काळजी होतीच, पण खरं सांगते, त्याहून जास्त भीती ह्यांची वाटली. सांडगा मिळाला नाही तर या पाचव्या मजल्यावर हा माणूस दिवसभर कुणाशी बोलणार? माझ्याशी बोलायची ह्यांना सवय नाही. ती सवय लावायला आता वय उरलेलं नाही, असं मला वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी आणखी दोनदा ऑफिसचा फोन कट करून झाला. मग पोस्टरं चिकटवायला बसस्टँडवर जायचं होतं. हे पुढे गेले. मी लिफ्टमध्ये शिरले तेव्हा सेक्टर सातच्या लेडीज क्लबच्या ग्रुपवर मेसेज आला. मला अजून कुणी काढलं नव्हतं. बंगल्यात आलेल्या नव्या डीडीजींच्या बायकोचा होता, मीनाक्षीचा. लखनौकडची आहे. निरोप समारंभात एकदा भेटली होती, गोड बोलणारी. तिने लिहिलं होतं, “ट्रांसफर में लोग कूलर छोड़ जाते हैं, परदे छोड़ जाते हैं, समझ में आता है. पर जो बेज़ुबान को छोड़ जाए और फिर फ़ोन तक न उठाए, उसे क्या कहें?” खाली फोटो होता, पण लिफ्टमध्ये नेटवर्क कुठलं. गोल फिरत राहिला. चाळीस बायकांनी रडकी तोंडं टाकली होती. कुणी ‘शेम’ लिहिलं होतं. कसली माणसं असतात, असं माझ्याही मनात आलं आणि मी अंगठा दाबला.

तळमजल्यावर लिफ्ट उघडली आणि फोटोही उघडला. आमचा व्हरांडा. आमचे पडदे. पडद्याखाली सांडगा.

मी पळत बसस्टँडवर गेले. हे खांबाला पोस्टर चिकटवून त्याची कडा पट्टीने सरळ आहे का बघत होते. मी फोन समोर धरला. ह्यांनी आधी फोटो पाहिला आणि “सांडगा!” असं इतक्या जोराने ओरडले की बसमधली माणसं खिडकीतून बघू लागली. मग मेसेज वाचला. मग परत वाचला. आणि तिथल्या बाकावर बसले.

“पट्ट्यावर,” हे म्हणाले, “ऑफिसचा नंबर आहे.”

“काय?”

“डीडीजी, आणि ऑफिसचा लँडलाइन. मोबाइल बदलतो. माणूस बदलतो. पद बदलत नाही. म्हणून.”

ह्यांनी मोबाइल काढला आणि आलेल्या फोनांची यादी उघडली. ऑफिस, ऑफिस, ऑफिस, अशी ओळ खाली खाली जात होती. मी मोजले, सतरा. इतकी वर्षं तो नंबर म्हणजे हेच होते. तो आता दुसऱ्या कुणाच्या टेबलावर वाजतो, हे ह्यांना माहीत होतं, पण लक्षात आलं नव्हतं. ह्या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे मला त्या दिवशी कळलं.

ह्यांनी तिथूनच रघुवीरला अनब्लॉक करून फोन लावला. तो बिचारा रडायच्या बेतात होता. मंगळवारी संध्याकाळीच खरडच्या एका सलूनवाल्याला सांडगा दुकानात गरम टॉवेलांच्या ढिगाऱ्यावर झोपलेला सापडला. त्याने बिल्ला वाचून फोन केला. डीडीजी साहेबांचा कुत्रा सापडला म्हटल्यावर ऑफिसने तातडीने गाडी पाठवली. गाडीने तो डीडीजी साहेबांच्या बंगल्यावर पोचवला. सगळं अगदी नियमाप्रमाणे झालं होतं.

“मैडम को फोन करता, सर,” रघुवीर म्हणाला, “पर मैडम का नंबर तो हमारे पास बंगले वाला ही था. वो तो अब नई मैडम उठाती हैं.”

खरडहून सेक्टर सातपर्यंत हे चाळीसच्या वर गेले नाहीत. पुलावर मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. एका सिग्नलला हे समोर बघत म्हणाले, “अनवधानाने झालं.”

“गाडी चालवा,” मी म्हटलं. माझा आवाज इतका कोरडा निघाला की ह्यांनी सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच गिअर टाकला.

बंगल्याच्या फाटकावर नवा गार्ड होता. त्याने रजिस्टर पुढे केलं. पाहुण्यांसाठी ते रजिस्टर ह्यांनीच सुरू केलं होतं, रकानेही ह्यांनीच आखलेले. नाव, कुठून आलात, पद, काम. ह्यांनी नाव लिहिलं. खरड लिहिलं. तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं. सवयीने डी लिहायला सुरुवात झाली होती, ती अर्ध्यात सोडून ह्यांनी एक आडवी रेघ मारली. कामाच्या रकान्यात लिहिलं, कुत्रा.

मीनाक्षी व्हरांड्यात आली. सांडगा तिच्या मागे, साखळीने खांबाला बांधलेला, गळ्यात जुन्या पट्ट्याशेजारी नवा लाल पट्टा. आम्हाला बघून त्याने मान उचलली, शेपटी एकदा फरशीवर आपटली आणि तिथेच बसून राहिला.

“सांडगा! कम हिअर!” हे फाटकातूनच म्हणाले, मीटिंगमध्ये बोलवतात तसं. त्याने तोंड दुसरीकडे वळवलं.

“देखिए,” मीनाक्षी म्हणाली, “नाराज़ है. दो दिन से गेट की तरफ़ देखता था. आज बंद कर दिया.”

मी पुढे होऊन सांगायला लागले, तो कसा निसटला, आम्ही कसे फिरलो. तिने ऐकून घेतलं. मग आत जाऊन एक कागद आणला. ह्यांचं पत्रक. दिवाणखान्याच्या ड्रॉवरमध्ये आम्ही गठ्ठा विसरलो होतो.

“सर, ये आप ही का लिखा है न? बहुत अच्छा है,” ती म्हणाली, आणि तिला ते खरंच चांगलं वाटलं होतं. “मैं इसी के हिसाब से चल रही हूँ. गुनगुना पानी दिया, डॉक्टर को दिखाया, मालिक को ख़बर की. और धारा तेरह में आपने लिखा है, तीन दिन तक मालिक जवाब न दे तो कुत्ते को छोड़ा हुआ माना जाए और उसे नया घर दिया जाए. मंगल, बुध, गुरु, कल शाम तीन दिन हो गए, सर. और पट्टे पर जो लिखा है, उस हिसाब से तो ये मेरे हज़्बंड का ही है.”

ती टोमणा मारत नव्हती. हेच सगळ्यात वाईट होतं. ती एक प्रामाणिक, नियमाने चालणारी बाई होती आणि तिला एका कुत्र्याचं भलं करायचं होतं.

ह्यांनी घसा साफ केला. “तीन दिन की जो मुदत है,” हे म्हणाले, “वो सूचना मिलने के दिन से गिननी चाहिए. कलम की मंशा ऐसी थी, कि...”

“सूचना तो सत्रह बार दी थी, सर.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस आता काहीतरी परिपत्रक आठवेल, उपकलम काढेल, आवाज चढवेल आणि आपण सांडग्याशिवाय घरी जाऊ, असं मला स्वच्छ दिसत होतं.

ह्यांनी तसं काही केलं नाही. पायऱ्यांपाशी गेले आणि तिसऱ्या पायरीवर बसले, पाठ आमच्याकडे करून. वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागले. डावा बूट काढला, मग उजवा. गार्ड बघत होता, मीनाक्षी बघत होती, समोरच्या बंगल्याचा माळी पाइप हातात धरून बघत होता. मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. ह्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि खालच्या आवाजात म्हणाले,

“चुकलं रे माझं, सांडग्या. तुझ्यासाठीच फोन येत होते आणि मी उचलले नाहीत. मला वाटलं, मला बोलवतायत. चुकलं. माझंच चुकलं.”

सांडगा उठला. मुळीच घाई न करता त्याने आधी पुढचे पाय ताणले, मग मागचे. साखळी बरोबर तिसऱ्या पायरीपर्यंत पुरली. त्याने हनुवटी ह्यांच्या गुडघ्यावर टेकली आणि ह्यांचा चेहरा त्याच्या मानेत गेला. खांदे हलत होते.

मी दोन पावलं मागे उभी होते. चौतीस वर्षं मी त्या एका शब्दाची वाट पाहिली होती. सांगलीच्या कॉलेजसाठी, सहा गावांसाठी, ‘दोन वर्षांत परत येऊ’साठी. तो शेवटी आला, आणि कुत्र्याला मिळाला. मला हसू आलं आणि रडूही आलं. मग मी ठरवलं, सांडग्याला अर्धा पुरेल. उरलेला अर्धा मी घेऊन टाकला, कुणाला न विचारता.

मीनाक्षीला मराठी येत नव्हती. तिने साखळीचा आकडा काढला आणि डोळे पुसत आत चहा करायला गेली. मग आम्ही आमच्याच दिवाणखान्यात पाहुण्यांच्या खुर्च्यांवर बसलो. तिने ग्रुपवर लगेच खुलासाही टाकला. तो टाकताना थांबून माझ्याकडे बघत म्हणाली, “भाभी जी, सुबह वाले मैसेज पर आपका अंगूठा आया था. मैं समझी नहीं.”

“मैसेज सही था,” मी म्हटलं.

लाल पट्टा तिने आम्हाला तसाच देऊन टाकला. जुना बिल्ला तेवढा तिथेच राहू द्या, असं हे म्हणाले, “पदाचा आहे.” ती हसली. मला वाटतं, ह्यांनी निवृत्तीनंतर केलेला हा पहिला विनोद असावा.

दुसऱ्या दिवशी खरडच्या बाजारात नाव कोरून देणाऱ्या एका दुकानात गेलो. सांडगा दोघांच्या मध्ये, दोन साखळ्यांनी बांधलेला. एक साखळी निसटली तर दुसरी असावी म्हणून. स्वभाव काही एका दिवसात जात नाही. कारागिराने कोरा बिल्ला यंत्राखाली धरला आणि विचारलं, “क्या लिखना है, जी? नाम? पोस्ट?”

“फक्त नंबर,” हे म्हणाले, आणि नंबर सांगायला लागले. पाठ होता. मी चमकले, कारण तो माझा होता.

“माझा का?” मी विचारलं.

हे यंत्राकडेच बघत होते. “तू फोन उचलतेस,” म्हणाले.